ढिगातला एक

आप्पा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. पायाकडे बघून बोलत. खरं तर पायाकडेही नाही, पायाखाली काय पडलंय तिकडे. तुम्ही मुलीच्या लग्नाचं सांगत असा नाहीतर घरातल्या आजारपणाचं, ते मान खाली घालून 'हं, हं' करणार. समोरच्याला वाटायचं, काय मन लावून ऐकतोय माणूस! आणि नेमकं गळा दाटून यायच्या जागी ते म्हणायचे, "जरा डावा पाय उचल बरं." पाय उचलला की खालचा खडा घ्यायचा, त्याला थुंकी लावायची, उन्हात धरायचा आणि बहुतेक वेळा फेकून द्यायचा. मग, "हां, काय सांगायलास?" तोवर आपली सांगायची इच्छा मेलेली असायची.

आप्पा आमचे शेजारी. येलदरी धरणाच्या वीजघरात ऑपरेटर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले आणि परभणीत आमच्या गल्लीत घर बांधून राहायला आले. गल्ली त्यांना गारगोटी आप्पा म्हणे. नदीतले, नाल्यातले, विहिरी खोदताना निघालेले दगड आणायचे, घरच्या यंत्रात घालून आरशासारखे गुळगुळीत करायचे आणि त्यांचे फोटो काढून घ्यायचे, हा त्यांचा छंद. आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माझा धंदा फोटोग्राफीचा, स्टुडिओही घरातच. हे दोन अपघात एका गल्लीत व्हायला नको होते. आता ते पुण्याला मुलाकडे असतात, त्यांच्या घरात भाडेकरू आहेत आणि दगडांच्या जागी अंगणात मोटारसायकली उभ्या असतात. तरी रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग दिसला की माझी गाडी आपोआप हळू होते, आणि मग मला माझाच राग येतो.

वीजघरात जन्म गेलेल्या माणसाला शांतता सोसत नाही, हे मला आप्पांमुळे कळलं. जुन्या वॉशिंग मशीनची मोटार, दोन लोखंडी रूळ आणि आतून ट्यूबचं रबर चिकटवलेला प्लॅस्टिकचा जाड ड्रम, असं त्यांचं यंत्र होतं. ड्रममध्ये दगड, पाणी आणि फरशी घासणाऱ्यांकडून आणलेली पावडर घालायची, झाकण आवळायचं आणि रुळांवर ठेवून द्यायचा. मग तो फिरायचा. तासभर नाही, दिवसभर नाही. रात्रंदिवस, महिना-दीड महिना. आधी जाड पावडर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पिठासारखी. माझी खाट भिंतीच्या ह्या बाजूला होती आणि भिंतीच्या त्या बाजूला ती खरड-खरड. मी तक्रार केली तर आप्पांना आश्चर्य वाटलं. म्हणाले, "आवाज हाय म्हणून तर बिनघोर झोपायचं. आवाज बंद पडला की उठायचं. आमी तिकडं तेच करायचो." लाइट गेली की गल्लीतले सगळे पंखे शोधत, आप्पा स्टूल घेऊन ड्रमपाशी बसत आणि हाताने तो फिरवत. आतली राड, म्हणजे पावडरीचा चिखल, तळाला बसली की घट्ट होते म्हणे. मीही दोन-चार वेळा फिरवलाय. का फिरवला, ते विचारू नका. ह्या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती.

ती राड किती घट्ट होते हे सगळ्या गल्लीला एका पावसाळ्यात समजलं. आप्पा ड्रममधलं करड्या रंगाचं पाणी निमूटपणे गटारीत ओतत होते. ते आत जाऊन बसलं आणि असं बसलं की गल्लीभर पाणी तुंबून प्रत्येकाच्या उंबऱ्याला लागलं. नगरपालिकेची माणसं पहार घेऊन आली. फोडता फोडता एक जण घामाघूम होऊन ओरडला, "हितं शिमीट कुणी वतलंय रे?" आम्ही सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा पुढे झाले, फुटलेला एक तुकडा उचलला, दोन बोटांत चुरला आणि कौतुकानं मला म्हणाले, "बग, काय बारीक दळलंय!" त्या दिवशी त्यांना मार बसला नाही तो केवळ काकूंच्या पुण्याईनं. काकूंनी सगळ्यांना चहा केला, माफी मागितली आणि पुढे ती राड पेरूच्या झाडाजवळच्या खड्ड्यात जायला लागली.

काकूंचं काय सांगू? त्यांच्या लोणच्याच्या बरण्यांत पॉलिश झालेले दगड होते. त्यांच्या दात घासायच्या ब्रशने आप्पा ड्रमची खाच साफ करत, कारण जाड पावडरीचा एक कण जरी बारीक पावडरीत राहिला तरी सगळ्या घाण्यावर ओरखडे. "घाई केली की ओरखडा येतो," हे आप्पांचं नेहमीचं वाक्य होतं. ते त्यांनी काकूंना दवाखान्यात जायची घाई असताना ऐकवलेलं मी ऐकलंय. काकू ओरडत नसत. त्या माझ्या बायकोला फक्त एवढंच म्हणत, "मी ह्यांच्या घरात चाळीस वर्षं घासले गेले, पण चमक काय आली न्हाई बघ." आणि हसत.

दगड पारखायचे आप्पांचे दोन कायदे होते. कच्चा दगड ओला करून बघायचा आणि घासलेला कोरडा करून. पाण्यात कच्चा दगड आपलं पोट दाखवतो, पण घासलेला फसवतो. ओला असला की कुठलाही धोंडा पॉलिश झाल्यासारखा दिसतो. हे मला माहीत नव्हतं तोवर मी सुखी होतो. एकदा लग्नसराईत, बाहेर नवरी फोटोसाठी ताटकळत असताना, मी त्यांच्या एका लालसर दगडाला हळूच तेलाचं बोट लावून झटपट फोटो काढला. चमक झकास आली. आप्पांनी प्रिंट हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "ओला हाय." मी म्हटलं, "नाही हो." म्हणाले, "सुधाकर, तू नवऱ्यामुली गोऱ्या करतूस, त्ये तुझं तू बग. दगड वाळवून काढ." नवरी अजून तासभर बसली.

पॉलिश केलेल्या दगडाचा फोटो काढणं म्हणजे आरशाचा फोटो काढणं. लाइट टाकला की लाइट दिसतो, छत्री लावली की छत्री दिसते, आणि काही केलं तरी मधोमध कॅमेरा धरलेला फोटोवाला दिसतो. "ह्यात दगड कुटंय?" आप्पा विचारायचे. "ह्यात तर तूच हायस." शेवटी बटर पेपरचा खोका करून मी लाइट मऊ केला, तर ते म्हणाले, आता दगड साबणासारखा दिसायलाय. मी कॅमेरा खाली ठेवला आणि त्यांना स्पष्ट शब्दांत घरी जायला सांगितलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. आप्पांनी कप घेतला नाही, काकूंचा हात धरला, तळवा वर केला आणि त्यावर तो दगड ठेवला. "आता काढ."

तो फोटो चांगला आला, हे मला कबूल करावं लागतं. तळहातावर दगड केवढा आहे ते कळत होतं, चमक कळत होती, आणि वळलेल्या बोटांच्या सावलीनं माझं प्रतिबिंब झाकलं जात होतं. झालं! त्या दिवसापासून काकू माझ्या स्टुडिओच्या नोकर झाल्या. रेषांत हळद बसलेला, अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग असलेला तो हात मी किती वेळा काढला असेल, कोण जाणे. "लवकर करा बाबा, भात लागायलाय माझा," असं म्हणत त्या उभ्या राहत. आणि एकदा आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "जिंदगीत माझा एक फोटू काढला न्हाई. दगडाचे बगा कसे निघायलेत." आप्पा म्हणाले, "हात जरा हलवू नगंस."

हे फोटो रोज सकाळी गल्लीतल्या आणि नात्यातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडत. लोक सकाळी फुलं पाठवतात, देव पाठवतात. आप्पा काकूंच्या हातावरचा दगड पाठवत. खाली फक्त तो कुठला ते लिहिलेलं. 'पूर्णा, पुलाखाली.' 'पेडगाव, आक्काची विहीर.' माझ्या मोबाइलची जागा भरली, मी पुसले, परत आले.

दगड कुठला हे ते कधी चुकत नसत, आणि ही त्यांची खोड सगळ्यांत जास्त डोक्यात जाणारी होती. रविवारी मला गाडी काढायला लावून ते नदीवर नेत. माझ्या गाडीचे शॉकअप त्यांच्या पोत्यांनी गेले. एका ठिकाणचे दगड एका फडक्यात बांधायचे आणि अंगणातल्या हौदाच्या कट्ट्यावर ठेवायचे, ही पद्धत. सवड झाली की गाठोडं सोडून एकेक दगड ओला करून बघायचा, आणि मग तो पेरूखालच्या ढिगात. ढीग म्हणजे काय, माझ्या कमरेएवढा होता. काळे, करडे, मातकट, सगळे सारखेच. त्यातला एक मी मुद्दाम उचलून आठवडाभर खिशात ठेवला आणि त्यांना रस्त्यात गाठून दाखवला. "ह्यो येलदरीचा. धरणाच्या खालचा," ते म्हणाले. "आमच्या ढिगातून कामून उचललास?"

काकू गेल्या त्या अगदी साध्या दिवशी गेल्या. दुपारी छातीत दुखलं, रिक्षा आणली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. विलास, त्यांचा मुलगा, रात्रीत पुण्याहून आला. ड्रम बंद झाला. भिंतीपलीकडून आवाज येईना, आणि इतकी वर्षं ज्या झोपेसाठी मी भांडलो ती झोप मला लागेना. हार घालायला काकूंचा फोटो शोधायला लागलो तर एक नाही. माझ्याकडे त्यांच्या हाताचे शेकडो फोटो, चेहऱ्याचा एकही नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून फ्रेममध्ये बसवला. मी आप्पांवर एवढा चिडलो होतो की तो फोटो त्यांच्या हातात दिला आणि तसाच माघारी फिरलो.

स्मशानात मात्र एक गोष्ट मी पाहिली होती. आमच्याकडे अग्नी देताना तिथलाच एक खडा उचलतात आणि त्यानं खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडतात. तो जीवखडा. दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव त्यात असतो असं मानतात. त्यावर रोज पाणी घालायचं, तो जपायचा, आणि दहाव्याला गंगेत सोडायचा. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. विलासनं वाकून खडा उचलला, मडक्याला भोक पडलं, पाण्याची धार लागली. आणि आप्पा तोंड फिरवून पाठमोरे उभे होते.

जीवखडा घरात ठेवत नाहीत. विलासनं तो पांढऱ्या फडक्यात बांधून अंगणात ठेवला, आणि अंगणात स्वच्छ अशी एकच जागा होती, हौदाचा कट्टा. नवव्या दिवशी पेडगावहून आप्पांची थोरली बहीण, आक्का, आली. कामाला वाघीण बाई. दहाव्याला पाहुणे येणार, अंगणात पाय ठेवायला जागा नको का, म्हणून तिनं पदर खोचला. कट्ट्यावर सहा-सात गाठोडी होती. तिनं सगळी सोडली, दगड ढिगावर फेकले, फडकी धुऊन दोरीवर वाळत घातली.

संध्याकाळी विलास पाणी घालायला गेला आणि कट्टा रिकामा. त्यानं दोरीवरचं पांढरं फडकं पाहिलं. मग जो आरडाओरडा झाला तो ऐकून मी अंगणाच्या भिंतीवरूनच उडी मारून गेलो. आक्का कपाळ बडवून घेत होती. "मला काय म्हाईत रं बाबा? ह्याच्या घरात फडक्यात दगड बांधून ठिवणं काय नवं हाय का? मला वाटलं ह्याचंच हाय!" आणि चूक तरी कुणाची म्हणायची? दुसऱ्या कुठल्याही घरात फडक्यात बांधलेल्या खड्याला कुणी हात लावला नसता. ह्या घरात ते केर समजून सोडलं गेलं. मला एवढा संताप आला की मी आप्पांना म्हटलं, "झालं समाधान? शेवटी तिलाही ढिगात टाकलंत."

असं मी बोलायला नको होतं.

"काळसर होता, लिंबाएवढा," विलास म्हणाला. ढिगात लिंबाएवढे काळसर हजारभर असतील. पण आम्हा कुणालाच खरी काळजी नव्हती, कारण आप्पा होते. जो माणूस खिशातला दगड बघून धरणाच्या खालचा की वरचा सांगतो, त्याला स्मशानातला परका दगड ओळखू येणार नाही? "आप्पा, बघा बरं," विलास म्हणाला. आप्पा ढिगापाशी बसले. पाण्याचं घमेलं घेतलं. वरचा एक दगड उचलून बुडवला, पाहिला, ठेवला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग नुसताच हातात धरून बसले.

"काय झालं?" आक्कानं विचारलं.

"न्हाई येणार ओळखू," आप्पा म्हणाले. "बाकीचे सगळे म्या बगितलेत. त्यो एकच बगितला न्हाई. त्या दिवशी माझ्यानं बगवलं न्हाई."

जन्मभर ह्या माणसानं लोकांच्या पायाखालचे दगड पाहिले, आणि जो एक पाहायचा होता तेव्हा तोंड फिरवलं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

गुरुजींना फोन केला. गुरुजी शांत माणूस. ते म्हणाले, असं होतं कधी कधी, शास्त्रात सोय आहे. दुसरा खडा घ्यायचा, मंत्र म्हणून त्याची स्थापना करायची. विलासनं सुटकेचा श्वास सोडला. आक्कानं हात जोडले. मी घरी निघालो.

"दुसरा कसा चालंल?" आप्पा म्हणाले. "ती हितं ढिगात पडलीया आन् आपण दुसराच घिऊन गंगेवर जायाचं? तिला कोण नेणार?"

"आप्पा, मग करायचं काय?"

"सगळा ढीग न्यायचा."

त्यांना समजावण्यात आमची रात्र गेली असती, पण आम्हाला त्यांचा स्वभाव माहीत होता, म्हणून आम्ही पोती शोधायला लागलो. खताची रिकामी पोती, माझ्या घरातली, शेजाऱ्यांची. पहाटे टेम्पो आणला. दगड पाहून ड्रायव्हर म्हणाला, "दहावा हाय का बांधकाम?" येलदरीचे, पूर्णेचे, पेडगावच्या विहिरीचे, वीस-बावीस वर्षांचे सगळे रविवार आम्ही फावड्यानं पोत्यांत भरले. आप्पांनी एकही बाजूला काढून ठेवला नाही. एक फिकट हिरवा होता, त्याच्यासाठी त्यांनी मला कडक उन्हात तीन मैल चालवलं होतं. तो मीच उचलून त्यांना दाखवला. ते म्हणाले, "टाक पोत्यात. त्यातच असंल ती."

गंगाखेडच्या घाटावर गर्दी होती. एकाच्या दहाव्याला टेम्पोभर दगड घेऊन आलेले आम्ही पहिलेच असू. गुरुजींनी पोती पाहिली आणि विधी सुरू केला. विलासनं पिंड दिले. मग आम्ही पोती वाहायला लागलो. ओला घाट, निसरड्या पायऱ्या, माझी कंबर, आणि वरून आक्काच्या सूचना. मी मनातल्या मनात आप्पांना, दगडांना, ज्यानं पहिलं यंत्र बनवलं असेल त्याला, सगळ्यांना शिव्या देत होतो. गुडघाभर पाण्यात जाऊन एकेक पोतं रिकामं करायचं. दगड पाण्यात पडले की क्षणभर सगळे रंग उघडायचे, लाल, पिवळे, निळसर, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि खाली जायचे. कच्चा दगड ओला करून बघायचा असतो. पण आप्पा पाण्याकडे बघत नव्हते.

शेवटचं पोतं त्यांनी आम्हाला धरू दिलं नाही. आम्ही "अहो, पडाल," म्हणत राहिलो. त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं, पाय चाचपत आत गेले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. मी मागेच होतो, तोल गेला तर सावरायला. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं. स्वयंपाकघरातल्या बाईशी दारातून बोलावं तशा साध्या आवाजात ते म्हणाले, "मला काय ओळखू आला न्हाई. तुझा कंचा त्यो तूच बगून घे." आणि त्यांनी पोतं उलटं केलं.